मार्टिनीची अकरावी पुंगळी

पितळ दमतं, हे मी म्हस्कूला चौतीस वरसं सांगत आलो. त्येला पटलं न्हाय. त्येचं म्हणणं, हंडा-कळशी तीन-तीन पिढ्या टिकत्यात, मग एवढीशी पुंगळी कशानं दमंल? अरं बाबा, हंड्यात कुणी दारू पेटवत न्हाय! बंदुकीत दर बाराला काडतुसाची पितळी पुंगळी फुगती. मग ती परत आवळायची, तोंड तापवून लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, तवा कुठं ती जरा मऊ पडती. आसं किती येळा करणार? एक दिवस तिला चीर जाती अन् चीर गेली की कारभार आटोपला. पर म्हस्कूपुढं बोलायचं म्हंजी भिंतीपुढं बोलायचं. त्यो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा अन् चहा मागायचा.

मी रामभाऊ. गावात मला मेजर म्हणत्यात. मी मेजर-बिजर काय न्हाय, हवालदार म्हणून बाहेर पडलो, तेबी आर्मरर, म्हंजी पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारा. पर आमच्याकडं फौजेतनं आलेला हरेक माणूस मेजरच, त्याला इलाज न्हाय. चौऱ्याहत्तर साली पेन्शनीत आलो, कळंबच्या पलीकडं वढ्याकाठी घर बांधलं, अन् तवापासनं ह्या भागातल्या राखणीच्या बंदुका माझ्या पडवीत यायला लागल्या. कुणाचा चाप अडकलेला, कुणाचं लाकूड फुटलेलं. आता सदुसष्ट वय झालं. हात कापतो. चष्म्याची काच दरसाल जाड हुती. खरं सांगतो, मला कंटाळा आलाय. बंदुकीचा आलाय, दारूच्या वासाचा आलाय, अन् म्हस्कूच्या त्या मार्टिनीचा तर लईच आलाय.

मार्टिनी म्हंजी त्येची रायफल. त्येच्या आज्ज्याला कुठल्याशा संस्थानिकानं लांडग्यापासनं मेंढरं राखायला दिलेली. खालचा लोखंडी कडा वढला की पोटातला ठोकळा खाली बसतो, मागनं काडतूस सारायचं, कडा वर केला की बंद. एका येळेला एकच बार. काडतूस माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब, खाली जाडजूड अन् गळ्याशी बारीक. ती काडतुसं बनायची बंद हून जमाना झाला. एकदा पुण्याला बंदुकीच्या दुकानात नमुना घेऊन गेलो तर मालक हातात धरून हसायलाच लागला. म्हणला, "आजोबा, ही विकत मिळायची न्हाईत, ही आता संग्रहालयात द्या." मी मनात म्हणलं, तूच बस जा संग्रहालयात.

तर मग ही जुनी बंदूक पाळायची कशाला? तर मानासाठी. माळावर बिरोबाचं देऊळ हाय. कार्तिकात जत्रा भरती. पालखी निघायच्या आधी वढ्याच्या पल्याड पांढऱ्या दगडावर नारळ ठेवायचा, अन् म्हस्कूच्या घरानं अल्याडनं मार्टिनीचा एक बार टाकायचा. मागं टेकाड हाय, गोळी त्यात जाती. नेम चुकला तर चालतंय, पालखी उचलत्यात. पर बार व्हायलाच पायजे. बार उडाला न्हाय तर देवानं मान काढून घेतला, आसं धरत्यात, अन् ज्येचा बार मग उडंल त्येच्या घरात मान जातो. ही रीत.

आता ह्या देवाच्या बाराशी माझा काय संबंध, आसं माझा पोरगा बुद्धघोष मला दरसाल इचारतो. त्यो बारामतीला मास्तर हाय. म्हणतो, "दादा, आपण छप्पन्न साली शपथ काय घेतली? अन् तुमी बिरोबाची काडतुसं भरत बसता." मी म्हणतो, "बिरोबासाठी न्हाय, बंदुकीसाठी भरतो." त्यो हसतो. शिकलेलं पोरगं, त्याला खोटं लगेच कळतं. मी बंदुकीसाठी भरत नव्हतो, अन् बिरोबासाठी तर न्हायच न्हाय. मी म्हस्कूसाठी भरत व्हतो.

बासष्ट साली मी सुट्टीवर आलेलो. आमच्या वस्तीनं देव सोडलेले, मेलेली जनावरं वढायची बंद केलेली, त्याचा गावाला राग. काही घरं बोलायचीबी न्हाईत. अशात हा पठ्ठ्या भर दिवसा खांद्यावर मार्टिनी टाकून आमच्या वस्तीत शिरला. आज्ज्याची काडतुसं संपलेली, अकरा मोकळ्या पुंगळ्या तेवढ्या शिल्लक. म्हणला, "तू बंदुकीचा डाक्टर हाईस म्हणं. काय इलाज हुतोय का बघ." तवाचा भगत चावडीवर वरडला, देवाचं हत्यार तिकडं नेलं, बाटलं. म्हस्कूनं त्येच्यापुढं शिसं अन् दारूची थैली ठेवली. "मग तू भर की. धर!" भगताला काय भरता येतंय! त्या दिवशी म्हस्कूनं आमच्या घरात चहा घेतला, बशीत वतून, फुर्र आवाज करत. मग मिशी पुसत गावातनं गेला. समद्यांनी बघावं म्हणून मुद्दाम सावकाश चालला. हे मी इसरू कसं?

तवापासनं दरसाल मी भरायचो. फौजेत असताना सुट्टी कार्तिकातच मागायचो, सायबानं न्हाय दिली तर आधीच्या साली दोन भरून ठेवलेली असायची. पेन्शनीत आल्यावर तर काय, जत्रेच्या आधी आठ दिवस म्हस्कू पत्र्याची डबी घेऊन हजर. शिसं भिगवणच्या मासेमारांकडनं आणायचं, फाटक्या जाळ्याचं. गोळीला पतंगाचा कागद गुंडाळायचा. बुडाची टोपी, म्हंजी दारूला ठिणगी देणारी, कुठं मिळत न्हाय, म्हणून बुडाचं भोक वाढवून त्यात बारा बोअरची बसवायची. दारूवर दाबायला पुठ्ठ्याच्या चकत्या लागत्यात, त्यासाठी मी लग्नपत्रिका जमवतो. माझी बायको ताईबाई करवादती, "लग्नाला जायचं न्हाय कुणाच्या, अन् पत्रिका मात्र समद्यांच्या ठेवायच्या!" बार झाला की वढ्यात त्या चकत्यांचे तुकडे पडायचे. एका तुकड्यावर नवऱ्याचं नाव, एकावर नवरीचं, अन् एकावर नुसतंच 'आहेर आणू नये'.

पर अकराच्या अकरा टिकणार कशा? एकेक करत दहा गेल्या. कुणाचं तोंड फाटलं, कुणाचं बूड सुटलं. गेली सहा वरसं एकच उरलेली. अकरावी. दरसाल तीच भरायची, तीच उडवायची, तीच परत आवळायची. दरसाल मी म्हणायचो, म्हस्क्या, ही शेवटची येळ. त्यो म्हणायचा, व्हय व्हय. अन् पुढच्या कार्तिकात डबी परत माझ्या पडवीत.

औंदाबी आला. जत्रेला आठ दिवस व्हते. म्हस्कूचं वय बहात्तर. डावा डोळा चार सालामागं मोतीबिंदू पिकून गेला. ऱ्हायला उजवा. त्या एका डोळ्यावर त्यो सहा मेंढरं राखतो, कालव्याच्या कडंनं फिरवून आणतो, अन् गेल्या साली त्याच डोळ्यानं नेम धरून नारळ फोडला. आला, पायरीवर टेकला अन् डबी माझ्यापुढं सारली.

मी झाकण उघडलं अन् भप्पकन वास नाकात गेला. डोळ्यातनं पाणीच आलं.

"म्हस्क्या, ही डबी कुठं व्हती?"

"वाडग्यात."

"कुठल्या वाडग्यात?"

"मेंढरांच्या. आन कुठल्या?"

मी कपाळावर हात मारला. झालेलं आसं, की उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागत्यात. मार्टिनी जमा झाली, अन् म्हस्कूच्या बायकोच्या, झुंबरवहिनीच्या मनात भ्या बसलं. पोलीस परत आलं अन् पुंगळीबी मागितली तर? ती एकच. तिनं ती चिंधीत बांधली, डबीत घातली अन् डबी वाडग्यात लेंड्यांच्या थराखाली पुरली. जिवापाड जपायची चीज मेंढरांत ठेवायची, ही त्यांची जुनी चाल. मेंढरांत बिरोबा वसतो, तितं हात घालायची कुणाची छाती न्हाय. मार्टिनी जून महिन्यात घरी आली, पर डबी कुणी उकरली न्हाय. आख्खा पावसाळा ती मेंढरांच्या मुतात.

आता हे मी कुणाला समजावू? मुताच्या वाफंनं पितळ चिरतं. फौजेत उस्तादानं आमाला पयल्या महिन्यातच शिकवलेलं. इंग्रजाच्या काळात घोड्यांच्या तबेल्याशेजारी काडतुसं ठेवली, पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या तर एकबी न उडवता चिरा पडलेल्या. मी पुंगळी रॉकेलात बुडवली, कोरडी पुसली, वरनं खडूची पूड लावली अन् थांबलो. थोड्या येळानं पांढऱ्या पुडीत रेघ उमटली. केसाएवढी. बुडाच्या जरा वर, निम्म्या गोलाईत फिरलेली.

म्हस्कूच्या उजव्या डोळ्यापुढं ती धरली. "दिसती का?"

"दिसती."

"ही तोंडाची चीर न्हाय. बुडाची हाय. बार टाकला तर पुंगळी हितं तुटंल, अन् आग म्होरं जायच्या ऐवजी मागं येईल. ठोकळ्याच्या फटीतनं सरळ तुझ्या डोळ्यात. कळलं?"

"कळलं," त्यो म्हणला. "भर."

माझं डोकं फिरलं. मी डबी अंगणात भिरकावली. ताईबाई आतनं धावत आली अन् परत आत गेली. म्हणलं, "तुला कळतंय का मी काय बोलतोय ते?" त्यो काय रागावला न्हाय. सावकाश उठला, डबी उचलून आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली.

"मेजर, रविराज दुनळी घेऊन आलाय."

रविराज म्हंजी त्येचा पुतण्या. सोमेश्वरनगरला ऊस वाहतुकीचा ठेका घेतो, दोन ट्रॅक्टर हाईत. औंदा त्येनं परवाना काढून नवी कोरी दोन नळ्यांची बंदूक घेतली, अन् पारावर बसून सांगत सुटला, तात्याचं काडतूस आता जुनं झालंय, न्हाय उडालं तर माझी तयार हाय. तसा पोरगा वाईट न्हाय. पर तरणं रक्त, अन् हातात नवी बंदूक.

"मग दे की त्येला मान," मी म्हणलं. "एवीतेवी पोरं न्हाईत तुला. त्योच हाय."

"देणारच हाय. पुढच्या साली मी सोता देतो. त्येच्या कपाळाला भंडारा लावून देतो. पर देणं येगळं, अन् समद्या गावादेखत हातनं जाणं येगळं. एवढा एक बार हू दे."

"अन् डोळा गेला म्हंजी?"

"जाऊ दे. बहात्तर वरसं बघितलं. आता काय बघायचं ऱ्हायलंय? माळ तर ऱ्हायला न्हाय, जिकडं बघावं तिकडं ऊसच ऊस." मग म्हणला, "तू न्हाय भरलंस तर मी भरतो. तुझ्यासमोर बसून चौतीस वरसं बघितलंय. दारू माझ्या घरात हाय. टोप्या हाईत. हात जरा वाकडा पडंल, एवढंच."

ह्यात त्यो धमकी देत नव्हता. त्यो खरंच भरणार व्हता. अंदाजानं, एका डोळ्यानं, दारू जास्त घालून.

"ठेव हितं," मी म्हणलं. "मी भरतो."

"शब्द?"

"शब्द."

त्यो चहा पिऊन गेला. मी पुंगळी हातात धरून बसून ऱ्हायलो. एवढा थकवा मला पलटणीत तीस-तीस मैल चालूनबी आला नव्हता. चौतीस वरसांत माझ्या हातचं एकबी काडतूस फुसकं निघालं न्हाय. एकबी न्हाय! ह्या तालुक्यात माझं जे काय नाव हाय ते तेवढंच. जमीन न्हाय, इस्टेट न्हाय, माडी न्हाय. मेजरनं भरलं म्हंजी उडणारच, एवढंच नाव. अन् मी काय करायचं ठरवत व्हतो ते मला बसल्या जागी कळत व्हतं.

दोन दिवस हात लावला न्हाय. तिसऱ्या दिवशी ताईबाई बाजरीचं पीठ चाळत बसलेली. मी तिच्यापुढं वाटी धरली.

"कोंडा दे मूठभर."

"कोंडा? कशाला वो?"

"काडतुसाला."

तिची चाळणी थांबली. बावीस वरसं तिनं माझी पडवी झाडलीय, काडतुसात काय जातं ते तिला ठावं हाय.

"नाव जाईल तुमचं."

"जाऊ दे."

"अन् त्यांचा मान?"

"त्योबी जाईल."

"मग ऱ्हाणार काय?"

"डोळा," मी म्हणलं.

तिनं वाटी भरून दिली. मी पुंगळीत कोंडा भरला, दाबून भरला, हलवलं तर वाजू नये म्हणून. बुडाला जुनी उडालेली टोपी बसवली. वर पुठ्ठ्याची चकती, वर मेण, वर कागदात गुंडाळलेली गोळी. पुसून लख्ख केली. दिसायला काडतूस आसं देखणं झालं, की माझं मलाच वाईट वाटलं. एवढं नीट काम मी कधी खोटं बोलायला केलं नव्हतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, मी सोता त्येच्या घरी नेऊन दिलं. म्हस्कूनं ते तळहातावर घेतलं, दरसालासारखं. कपाळाला लावलं. परत तळहातावर घेतलं. मला वाटलं जरा जास्तच येळ घेतला, पर म्हणलं चोराच्या मनात चांदणं, आपल्यालाच तसं वाटतंय. त्येनं ते देवघरात ठेवलं अन् झुंबरवहिनीला म्हणला, "मेजरला भाकरी वाढ." वहिनी माझ्या नजरंला नजर देईना. तिला कळलेलं, की लेंड्यांत पुरून तिनं काय करून ठेवलंय. "भावजी, माझ्यामुळं झालं समदं," एवढंच म्हणली. मी म्हणलं, "न्हाय वो वहिनी, पुंगळी म्हातारीच झालेली." अर्धी भाकरी ताटात ठेवूनच मी उठलो.

जत्रेत मी देवळाकडं जात न्हाय. वढ्याच्या कडंला एक बाभळ हाय, तितं उभा ऱ्हातो. माझी जागा ठरलेली. ढोल वाजत व्हते, भंडारा उधळून माणसं पिवळी झालेली, पालखी दारात तयार. पल्याड पांढऱ्या दगडावर नारळ. जुन्या भगताचा पोरगा गेणू आता भगत हाय, त्येनं हात वर केला अन् ढोल थांबले. रविराज गर्दीत दुनळी घेऊन उभा, नवा फेटा बांधून.

म्हस्कू म्होरं आला. कमरंच्या फडक्यातनं काडतूस काढलं, तळहातावर धरलं. मग त्येनं बाभळीकडं बघितलं. मी खाली मान घातली. कडा वढल्याचा आवाज आला, काडतूस सारल्याचा आला, कडा बंद झाल्याचा आला. हे आवाज मी झोपंतबी वळखतो. त्येनं बंदूक खांद्याला लावली, गाल टेकला, उजवा डोळा बारीक केला.

खट्.

बास, एवढंच. खट्.

हजारभर माणूस माना उंच करून बघत व्हतं. म्हस्कू हलला न्हाय. बार न्हाय उडाला तर बंदूक खांद्यावरनं काढायची न्हाय, मनात साठपर्यंत आकडे मोजायचे, उशिरानं उडालं तर तोंडावर येतं, हे मीच त्येला शिकवलेलं. त्यो मोजत उभा ऱ्हायला. मीबी मोजले. आयुष्यात एवढे लांब साठ आकडे मी मोजले न्हाईत. मग त्येनं कडा वढून काडतूस बाहेर काढलं अन् कमरंच्या फडक्यात बांधलं.

गर्दीतनं कुजबूज सुरू झाली. गेणू भगत मोठ्यांदा म्हणला, "देवाचं हत्यार कुणाच्याबी हातात दिलं की आसंच हुणार. आमचा बाप सांगून गेला व्हता." म्हणताना त्येनं बाभळीकडं बघितलं. हजार माणसांनी बघितलं. म्हणलं, ऐक रामभाऊ, ऐकून घे, तूच केलंयस.

तवर म्हस्कूचा आवाज आला. "ए गेण्या! तोंड आवर."

त्यो वळून गर्दीपुढं उभा ऱ्हायला. "काडतूस मेजरनं चोख भरलेलं. चौतीस वरसात त्येच्या हातचं एक फुसकं निघालंय का? हाय कुणी सांगणारा? काल माझ्या हातनं ते पाण्याच्या हौदात पडलं. दारू भिजली. मी लपवलं, वाटलं उडंल. चूक माझी हाय. माझा डोळा गेला, हात गेला, अन् आता मानबी माझ्याच हातनं गेला. मेजरचं नाव कुणी घ्यायचं न्हाय."

मग त्येनं रविराजला बोलावलं. पोराचं तोंड उतरलेलं. म्हणत व्हता, तात्या, ऱ्हाऊ द्या, पुढच्या साली बघू. म्हस्कूनं ताटातला भंडारा चिमटीत घेऊन त्येच्या कपाळाला लावला. "टाक बार. पालखी खोळंबलीय." पयली नळी चुकली. दुसऱ्या नळीनं नारळ फुटला. ढोल सुरू झाले अन् पालखी उठली. मी घरी आलो अन् भिंतीकडं तोंड करून पडलो.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला म्हस्कू आला. काठी टेकत, एकटा. पायरीवर बसला. ताईबाईनं चहा ठेवला. मी म्हणलं, "म्हस्कू, तुला एक सांगायचंय."

त्येनं फडकं सोडलं, काडतूस काढून माझ्यापुढं ठेवलं अन् इचारलं, "कोंडा बाजरीचा का ज्वारीचा?"

मी काडतूस उचलून उलटंपालटं केलं.

"चौतीस वरसं ह्या हातावर घेतोय मेजर. वजन कळत न्हाय व्हय मला?"

"कधी कळलं?"

"तू आणून दिलंस तवाच."

मला आधी काय समजंच ना. मग एकेक ध्यानात यायला लागलं. त्येच्या घरी दारू व्हती. टोप्या व्हत्या. आख्खी रात हातात व्हती. कोंडा उपसून दारू भरायला कितीसा येळ लागतो?

"मग भरलं का न्हाईस?" मी म्हणलं. "मी न्हाय भरलं तर तू भरणार व्हतास."

त्येनं बशीत चहा वतला. फुंकर मारली. "तू नुसतं तोंडानं न्हाय म्हणला असतास, तर भरलं असतं. न्हाय म्हणणं तुझं रोजचंच हाय. पर तू सोताचं नाव घालवायला तयार झालास. म्हणलं, एवढं करतोय म्हंजी डोळा जाणारच."

"मग काडतूस मला परत आणून द्यायचं. लोकांपुढं कशाला उभा ऱ्हायलास?"

"अन् लोकांस्नी काय सांगू? मेजरनं भरलं न्हाय? त्या गेण्याला तेच पायजे व्हतं." त्येनं फुर्र करून चहा वढला. "मान काय, घरातल्या घरात गेला. तुझं नाव गेलं असतं तर ते कुणाच्या घरात गेलं असतं?"

मी रडलो. लपवायचं काय त्यात? सदुसष्ट वरसाचा फौजी, पडवीत बसून पोरासारखा रडलो. ताईबाईबी दाराआड डोळ्याला पदर लावून उभी. म्हस्कू मात्र चहा पीत बसला, अन् संपल्यावर बशी पालथी घातली. म्हणला, "हिला आता परत भरू नगंस. दमलीय ती."

चौतीस वरसांनी का हुईना, पटलं म्हणायचं.

ऊन उतरायला लागलं तसा त्यो उठला. मी म्हणलं, वढ्यापर्यंत सोडायला येतो, वाट दगडाची हाय. त्यो म्हणला, "बस गप. दिसतंय मला." मी दारात उभा ऱ्हाऊन बघत व्हतो. काठी एका हातात, दुसरा हात मोकळा. कुणाचा हात न धरता त्यो वढा उतरला, दगडावरनं पाय टाकत पाणी वलांडलं अन् पल्याडच्या चढाला लागला.